कातर रे भाजी

आमच्या ॲपचा पहिला आयकन हिरवा होता. मेंदूचा आकार आणि त्यातून फुटलेलं एक पान. दोन रात्री बसून मी स्वतः काढला होता आणि मला तो फार म्हणजे फारच आवडला होता. पहिल्या टेस्टिंगला कँटीनमध्ये सेकंड इयरच्या एका मुलीच्या हातात फोन दिला, तर तिने स्क्रीनकडे बघायच्या आधी मागे वळून बघितलं, मागच्या टेबलावर कोण बसलंय ते. मग फोन मांडीवर घेतला, टेबलाखाली, आणि दोन मिनिटांत परत केला. "ॲप बरें आसा ताई, पूण हो आयकन म्हज्या मोबायलार नाका. आई विचारतली हें कितें म्हण."

मी वहीत लिहिलं, आयकन बदलणे. झालं, पुढचा मुद्दा. प्रश्न आयकनचा नव्हताच हे डोक्यात शिरायला मला तीन महिने लागले आणि तोवर एक मोठी घोडचूकही करून झाली होती, ती पुढे सांगते.

मी मूळची गोव्यातल्या साखळी गावची. घरात कोंकणी, शाळा मराठीतून, पेपर मराठी, आणि काम करते इंग्रजीत, म्हणजे अगदी टिपिकल गोंयकार खिचडी. धंद्याने ॲप डिझायनर. गोव्यात डिझायनरला काम कसलं मिळतं ते वेगळं सांगायला नको, हॉटेल बुकिंग, भाड्याच्या स्कूटर, नाहीतर कुणाचा तरी कसिनो (त्याला मी नाही म्हणते, घरी बाबा अजून बोलत असतात त्यावरून). तर माझी एक मैत्रीण काउन्सेलर आहे, तिने एकदा विचारलं की कॉलेजच्या पोरांसाठी मन बिघडलं तर आधार देणारं काहीतरी बनवूया का, थोडे पैसे मिळतायत. एक डेव्हलपर मित्र मिळाला, तो रात्रीच काम करतो. झाली टीम. कुठल्या संस्थेसाठी ते इथे लिहीत नाही.

सुरुवातीला मी हॉटेलवाल्या सवयीनेच बसले. माणूस ॲपमध्ये किती वेळ राहतो, रोज येतो का, सलग सात दिवस आला तर त्याला एक चांदणी. मैत्रिणीने ते बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे ज्याला चार दिवस पलंगावरून उठायला झालं नाही त्याला पाचव्या दिवशी तू सांगणार की तुझ्या चांदण्या गेल्या?" मी गप. चांदण्या त्याच दुपारी काढून टाकल्या.

मग वाचायला बसले, आणि मला आधी लाजच वाटली, कारण ह्या विषयात जगभर गाजलेलं काम माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर झालेलं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. संगत ही संस्था गोव्यात १९९६ला सुरू झाली. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या २४ दवाखान्यांत, काही सरकारी आरोग्य केंद्रं आणि काही खाजगी डॉक्टर, मानस नावाची चाचणी केली आणि २०१०मध्ये ती लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. कल्पना साधी होती की मानसोपचाराची डिग्री नसलेल्या, पण नीट ट्रेनिंग दिलेल्या आपल्याच गावच्या माणसांनी डिप्रेशन आणि चिंता असलेल्या पेशंटशी बोलायचं, मागे लागायचं, धरून ठेवायचं. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ह्या पद्धतीने शंभरातले साधारण ६६ जण बरे झाले, नेहमीच्या पद्धतीने ४२-४३. पुढे २०१७मध्ये आणखी एक चाचणी आली, त्यात सहा ते आठ भेटींत असेच काउन्सेलर पेशंटला परत छोट्या छोट्या कामांना लावायचे, चालायला जा, बहिणीला फोन कर, बंद पडलेली आवडीची गोष्ट पुन्हा सुरू कर, आणि तेसुद्धा चाललं. आणि ह्याच लोकांनी दिल्ली आणि गोव्यातल्या शाळकरी मुलांसाठी फोनवरचा एक खेळ बनवला, पॉड ॲडव्हेंचर्स, त्यात अडचण काय, पर्याय कुठले, मग कर, एवढंच, आणि शेजारी शाळेत एक काउन्सेलर. म्हणजे मी ज्याला नवीन कल्पना समजून नाचत होते ती पर्वरीच्या, म्हणजे संगतच्या, आसपास कधीच शिळी झाली होती.

आता शब्दांचं. पीएचक्यू-९ म्हणून डिप्रेशन मोजायची एक प्रश्नावली आहे, २००१पासून सगळीकडे वापरतात, गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २७, आणि दहा किंवा त्याच्या वर गेलं तर लक्ष द्यायचं असं साधारण. त्यातला पहिलाच प्रश्न मराठीत आणायचा तर "गोष्टी करण्यात रस किंवा आनंद कमी वाटणे". बरोबर आहे, चूक काही नाही, पण फोंड्याच्या मुलाला वाचायला दिलं तर तो म्हणाला, आकाशवाणीच्या बातम्या लागल्यासारखं वाटतंय. कोंकणी केलं तर ते त्याहून बातम्यांसारखं, कारण ही पोरं देवनागरी कोंकणी शाळेनंतर वाचतच नाहीत, एकमेकांना रोमी अक्षरांत टाईप करतात. मग आम्ही उलटं केलं, त्यांनाच विचारलं की तुम्ही मित्राला कसं सांगता. कोणी डिप्रेशन म्हटलंच नाही. "टेन्शन" सगळ्यांनी म्हटलं. "बरें दिसना" खूप जणांनी. "डोकं आउट". एक डिचोलीचा मुलगा म्हणाला, "कांयच ना, भजनाक वचूंक दिसना." बस. गावातलं भजन, लहानपणापासून पेटी वाजवतो, आणि आता जावंसं वाटत नाही. रस कमी होणे म्हणजे काय ते मला त्या एका वाक्यात कळलं, पण ते प्रश्नावलीत टाकता येत नाही ना, आणि तपासलेल्या प्रश्नावलीचे शब्द आपल्या मनाने फिरवायचे नसतात हे मैत्रिणीने डोळे वटारून सांगितलं. म्हणून प्रश्नावली आहे तशी ठेवली आणि तिच्या आधी एक मोकळा बॉक्स दिला, तुझ्या शब्दांत लिही, कुठल्याही लिपीत.

इथवर सगळं छान चाललेलं. मग चवथ आली.

आम्ही थोड्या पोरांना ॲप वापरायला दिलं होतं आणि मी हौसेने रोज संध्याकाळी साडेसातला एक नोटिफिकेशन ठेवलं होतं. "आज मन कसं आहे?" गोड वाक्य. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी साडेसातला त्या आयकनवाल्या मुलीच्या घरी आरती चालू होती. सगळं कुटुंब जमलेलं, मुंबईहून काका आलेले, वर फळापानांची माटोळी टांगलेली, आणि आरतीचं पुस्तक सापडेना म्हणून तिचा फोन काकाच्या मुलाच्या हातात, त्यावर बघून सगळे म्हणतायत. मधल्याच कडव्याला वरून पट्टी खाली आली, मनाचं आणि ॲपचं नाव दोन्ही, आणि तो बारा वर्षांचा पोरगा, त्याला काय कळतंय, त्याने ते आरतीच्या चालीतच मोठ्याने वाचलं. पहिले सगळे हसले. नंतर आईने विचारलं. नंतर काकीने विचारलं. रात्री आजीने दृष्ट काढली.

तिने ॲप काढून टाकलं आणि आम्हाला मेसेज केला, फक्त एक ओळ, शिवी नाही काही नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं मला.

गोव्याबाहेरच्यांना हे कळणार नाही म्हणून सांगते. २०११च्या जनगणनेत आमची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. पुण्यातल्या काही भागांत एवढी माणसं भरतील. कदंबा बसमध्ये शेजारी बसलेली बाई तिसऱ्या मिनिटाला विचारते, "कोणाची गो तूं?" आणि पाचव्या मिनिटाला तिची कोणीतरी माझ्या मावशीच्या दिराकडे दिलेली असते. हे एरवी फार छान आहे, गाडी बंद पडली तर कुठूनही माणूस येतो. पण काउन्सेलरच्या दारात उभं राहायचं असेल तर हाच गोवा अंगावर येतो. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, मोठी सरकारी जागा, तिथे चांगले डॉक्टर आहेत, आणि बोलण्यात मात्र "ह्याला आता बांबोळीला न्यायला झालं" ही शिवी. त्याच बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, जीएमसी, आहे, लोक हाड मोडलं तरी तिथेच जातात, पण वाक्य कुठल्या गेटबद्दल आहे ते प्रत्येकाला बरोबर कळतं. कॉलेजात काउन्सेलर असतो तिथे खोली हमखास अशा ठिकाणी की कॉरिडॉरमधून अख्खी बॅच बघते. एका मुलाने सांगितलं, दारापर्यंत गेलो आणि आतून बाहेर आमच्या शेजारची बाई आली, ती तिथे क्लार्क आहे, मग मी झेरॉक्सचं विचारून परत आलो.

तर चवथीनंतर आम्ही लपवायला बसलो, आणि काय लपवलं म्हणता! लॉक स्क्रीनवर काही दिसणार नाही. नोटिफिकेशन मुळात बंद, हवं त्याने चालू करावं. अँड्रॉइडमध्ये एक सोय असते, ती लावली की स्क्रीनशॉट येत नाही आणि मागच्या उघड्या ॲपांच्या रांगेत आपलं पान कोरं दिसतं, बँकांची ॲप्स वापरतात ती, ती लावली. ओटीपी काढला, कारण नंबर बऱ्याचदा बाबांच्या नावावर आणि मेसेज घरच्या दुसऱ्या फोनवर. कॉलेजच्या ईमेलने लॉगिन होतं तेही काढलं, "मग कॉलेजला कळणार" हे पहिल्या दिवसापासून ऐकत होतो. लिहिलेलं सगळं फोनमध्येच, आमच्याकडे काहीच येत नाही. नाव बदललं, नुसतं "वही". मेंदू आणि पान गेलं, तपकिरी चौकोन आला, इतका कंटाळवाणा की मलाच होम स्क्रीनवर सापडत नव्हता. डेव्हलपर तर पेटलाच होता, म्हणाला उघडल्यावर आधी खोटा कॅल्क्युलेटर दाखवूया, पासवर्डचा आकडा टाकला की खरं ॲप. बनवलंसुद्धा त्याने.

तो कॅल्क्युलेटर आम्ही भजनवाल्या मुलाला दाखवला. त्याने दोन-चार बेरजा केल्या, मग आकडा टाकून आत गेला, बाहेर आला, आणि म्हणाला, "ताई, इतकें लिपोवपाचें आसा जाल्यार तें वायटच आसतलें मगो?"

इतकं लपवायचं असेल तर ते वाईटच असणार ना. मला उत्तर सुचलं नाही. मैत्रिणीलाही नाही, आणि तिला एरवी सुचतं. आम्ही त्या पोरांची लाज सांभाळायला म्हणून निघालो होतो आणि तिला देवघर बांधून देत होतो. पण दुसऱ्या बाजूला ती आरती आहे. ती मुलगी मला म्हणणार, तुमचं तत्त्व तुमच्या घरी ठेवा, दृष्ट माझी काढली. दोघंही बरोबर. कॅल्क्युलेटर काढला, बाकीचं ठेवलं, आणि मला अजून खात्री नाही की रेघ बरोबर जागी ओढली.

लपवण्याचा दुसरा घोळ जास्त गंभीर. पीएचक्यूचा नववा प्रश्न, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटणं. समजा कोणी रात्री पावणेतीनला तिथे "जवळजवळ रोज" दाबलं. आम्हाला माहीत नाही तो कोण, कुठे आहे, कारण आम्हीच तशी सोय केलीय. ओळख घेतली तर निदान कोणाला तरी पाठवता येईल, पण ओळख घेतली तर तो खरं दाबणारच नाही, शून्य टाकून पुढे जाईल. ह्यावर आमची कडाक्याची भांडणं झाली. पोरांची भीती तर आणखी पुढची, दोघातिघांनी सरळ विचारलं की दाबलं तर पोलीस येतील का. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ आहे, आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याच्यावर खटला भरायचा नाही, आणि जुन्या दंड संहितेतलं, अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं ३०९ कलम तर नव्या न्याय संहितेत उचललंच नाही. हे पोरांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. ते आम्ही साध्या दोन ओळींत तिथेच लिहिलं. आणखी एक भानगड म्हणजे फर्स्ट इयरची काही पोरं सतराची असतात आणि २०२३च्या डेटा कायद्यात अठराच्या आतल्यांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते. म्हणजे आई-बाबांपासून लपवून उघडायच्या वहीसाठी आई-बाबांची सही आणायची! आम्ही माहिती घेतच नाही हे तेव्हा फार कामाला आलं.

शेवटी त्या नवव्या प्रश्नानंतरचं पान मी सात वेळा बदललं. आधी लांबलचक प्रेमळ मजकूर होता. मैत्रीण म्हणाली, पावणेतीनला कोणी निबंध वाचत नाही. आता तिथे वर एक मोठं बटण आहे, १४४१६, टेलि-मानस, ही सरकारी हेल्पलाईन १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, चोवीस तास, पैसे लागत नाहीत (आधीच्या मानस चाचणीचा आणि हिचा नावापुरताच संबंध). बटण दाबलं की सरळ फोन. त्याखाली त्याने स्वतः आधी निवडलेल्या एका माणसाचं नाव, आणि त्याखाली त्याची यादी. ही यादी आमची नाही, स्टॅन्ली आणि ब्राउन ह्या मानसशास्त्रज्ञांची पद्धत आहे, बरा असताना आपणच लिहून ठेवायचं की मला बिघडतंय हे कशावरून ओळखू, एकटा काय करू शकतो, कुठल्या माणसांत किंवा जागेत गेलो की डोकं वळतं, मदत कोणाकडे मागू, कुठल्या डॉक्टरकडे, आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू दूर कशा ठेवू. चॅटबॉट घातला नाही. पैसे देणाऱ्यांना तो फार हवा होता, हल्ली सगळ्यांनाच हवा असतो. १९६६मध्ये जोसेफ वायझेनबॉम ह्यांनी एलायझा नावाचा पहिला असा बोलणारा प्रोग्रॅम केला, नुसतं तुमचंच वाक्य फिरवून तुम्हाला विचारणारा, आणि त्यांच्या सेक्रेटरीने थोडा वेळ बोलून झाल्यावर त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं, म्हणजे प्रोग्रॅम ज्यांनी लिहिला त्यांनाच. हा किस्सा लोक यंत्राच्या जादूसाठी सांगतात. मला त्यात ती बाई दिसते, कोणी ऐकत नसेल अशी खोली शोधणारी.

पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाजवळ आबे फारिया ह्या पाद्र्याचा पुतळा आहे, १९४५चा, रामचंद्र पांडुरंग कामत ह्यांनी केलेला. एक बाई पडतेय आणि हा तिच्यावर दोन्ही हात उगारून उभा, टुरिस्टांना वाटतं भूत काढतोय, तसेच फोटो काढतात. हा कांदोळीला १७५६मध्ये जन्मला, पॅरिसला जाऊन संमोहन शिकवलं, आणि म्हणाला की झोप येते ती संमोहन करणाऱ्याच्या कुठल्या शक्तीने येत नाही, झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून येते. त्याची एक आख्यायिका गोव्यात लहान पोरालाही माहीत असते. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला, समोर सगळे बडे लोक, आणि हा गारठला, शब्दच फुटेना. तेव्हा खाली बसलेला बाप हळूच कोंकणीत म्हणाला, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." म्हणजे समोर नुसता भाजीपाला आहे, काप. आणि पोरगा सुटला.

मी शाळेत ही गोष्ट हिंमतीची म्हणून ऐकली, वक्तृत्वाच्या बाई स्पर्धेआधी सांगायच्या. आता ऐकताना मला वेगळंच दिसतं. भरलेल्या चर्चमध्ये राणीच्या देखत बापाने मदत केली आणि ती कोणाला कळली नाही, कारण ती फक्त त्या दोघांच्या भाषेत होती, आणि दोन शब्दांची होती. लपवलंही नाही, जाहीरही केलं नाही. हे डेव्हलपरला सांगितलं तर तो म्हणाला, बरं, मग बटणावर काय लिहू? हाच खरा प्रश्न, आणि बटणावर सध्या "फोन लाव" लिहिलंय, त्याहून बरं काही मिळालेलं नाही.

परवा परत टेस्टिंग होतं. आयकनवाली मुलगी आली, मी बोलावलं नव्हतं, मैत्रिणीबरोबर आली. ॲप घेतलं नाही तिने. मैत्रिणीच्या फोनवर बघत बसली आणि मग म्हणाली, ती यादी मी कागदावर लिहिलीय, बघणार? वहीच्या मागच्या पानावर होती, निळ्या पेनने. "जागा आणि माणसं" ह्याच्यापुढे दोनच नोंदी. एक, आजी. दुसरी, पोदेर, सकाळी सव्वासहा.

पोदेर म्हणजे आमच्याकडे दारोदार पाव विकत येतो तो. मी विचारलं, पोदेर का? म्हणाली, झोप येत नाही तेव्हा सगळ्यात वाईट चार ते सहा, मग त्याचा पों पों ऐकू आला की कळतं की संपली रात्र, मी खाली जाऊन स्वतः पाव घेते, तो काहीतरी बोलतो, फुटबॉलचं वगैरे. आजीला वाटतं मी तिला मदत करायला लवकर उठते.

आमच्या यादीच्या बॉक्समध्ये नाव आणि नंबर टाकायची सोय होती. वेळ टाकायची नव्हती. रात्री डेव्हलपरला मेसेज केला, त्याने विचारलं कशाला, मी म्हटलं पोदेराला नंबर नसतो, वेळ असते. आता आहे सोय.